भिरूड आणि साल बोरर : लांब मिशांच्या दोन वनभुंगेऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाच्या सरी पडू लागल्या, की पुण्यातल्या टेकड्यांलगतच्या सोसायट्यांमध्ये, सिंहगडाच्या पायथ्याशी आणि मुळशीकडच्या गावांत रात्रीच्या दिव्यापाशी बोटभर लांबीचा, राखाडी अंगाचा आणि अंगाहूनही लांब मिशांचा एक भुंगेरा येऊन बसतो. त्याचे छायाचित्र फिरू लागले, की पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो : मध्य प्रदेशातील सालवने ज्याने पोखरली, तोच हा का? तो हा नव्हे. मात्र दोघे एकाच कुळातले आहेत, दोघांच्या अळ्या लाकडातच वाढतात आणि दोघे पावसाबरोबरच बाहेर पडतात. असे असूनही एकामुळे लाखो झाडे गेली आणि दुसरा आपल्या डोंगरांत झाडांसोबत नांदतो आहे. हा फरक कोठून येतो, हे समजावे म्हणून ही प्रश्नोत्तरे मांडली आहेत.

हे दोन भुंगेरे नेमके कोणते?

पहिला भिरूड. आंबा आणि अंजिराच्या बागायतदारांना तो खोडकिडा म्हणूनही ठाऊक आहे. त्याचे शास्त्रीय नाव बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा. दुसरा हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पायनिकॉर्निस. वनखात्यात आणि वृत्तपत्रांत त्याला सर्रास साल बोरर, म्हणजे सालवृक्ष पोखरणारा, म्हणतात. दोन्ही भुंगेरे सेरॅम्बिसिडी या कुळातले, म्हणजे लांब मिशांचे. या कुळातील बहुतेक जातींच्या अळ्या जिवंत किंवा मेलेल्या लाकडावर वाढतात. मात्र कुळ एक असले तरी दोघांची उपकुळे वेगळी आहेत, त्यामुळे त्यांना सख्खे भाऊ समजण्याचे कारण नाही.

दोघे हातात घेतले, तर फरक कसा ओळखावा?

रंगावरूनच बहुतेक उलगडा होतो. भिरुडाच्या अंगावर राखाडी, क्वचित पिवळसर झाक असलेली बारीक लव असते. डोक्यामागच्या भागावर, म्हणजे मानेसारख्या दिसणाऱ्या कवचावर, शेंदरी किंवा लालसर रंगाचे मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन ठिपके असतात आणि त्या कवचाच्या दोन्ही कडांना एकेक टोकदार काटा असतो. पंखांवरच्या कवचांवर पिवळसर-नारिंगी ठिपके विखुरलेले असतात. मेलेला भुंगेरा पेटीत ठेवला की ते बरेचदा फिके पडतात, म्हणून जुन्या नमुन्यांच्या रंगावर विसंबू नये. खांद्यांपाशी भिंगातून पाहिले तर काळ्या, चकचकीत पुटकुळ्या दाटीने बसलेल्या दिसतात. भुंगेऱ्याला कडेने पाहिले तर डोळ्यापासून पोटाच्या टोकापर्यंत जाणारा पांढरा पट्टाही दिसतो.

साल बोररच्या अंगावर यातले काहीच नाही. तो गडद तपकिरी, कधी काळपट, ठिपक्यांविना असतो. त्याच्या मानेच्या कवचावर आडव्या, खोल सुरकुत्या असतात. नराच्या मिशा अंगापेक्षा बऱ्याच लांब असतात, तर मादीच्या अंगाएवढ्या किंवा त्याहून आखूड. आकारात त्याच्याइतका चढउतार क्वचितच दिसतो : एखादा जेमतेम 2 सेंटिमीटरचा भरतो, तर एखादा 6 सेंटिमीटरच्या पुढे जातो, कारण अळीला किती आणि कसे लाकूड मिळाले यावर प्रौढाची लांबी ठरते.

छायाचित्रात रंग नीट आले नसतील, तर डोके पाहावे. भिरुडाचा चेहरा सरळ खाली वळलेला असतो, जबडे जमिनीकडे. साल बोररचे डोके पुढे झुकलेले असते आणि जबडे पुढे येतात. उपकुळांमधला हा फरक धूसर छायाचित्रातही बहुधा लपत नाही.

पुण्यात साल बोरर सापडू शकतो का?

तो येथे वसतीला असण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण त्याचे मुख्य खाद्य असलेला सालवृक्ष, म्हणजे शोरिया रोबस्टा, पुण्याच्या आसपास नैसर्गिकरीत्या वाढतच नाही. सालवनांचा पट्टा हिमालयाच्या पायथ्यापासून झारखंड, ओडिशा, छत्तीसगड आणि पूर्व मध्य प्रदेशापर्यंत पसरला आहे. सह्याद्रीत आपल्याकडे साग, ऐन, हिरडा, जांभूळ, अंजन यांची राने आहेत. साग आणि साल ही नावे ऐकायला जवळची असल्यामुळे गोंधळ होतो, पण ती दोन अगदी वेगळ्या कुळांतली झाडे आहेत. पुण्यात तपकिरी, लांब मिशांचा भुंगेरा दिसला, तर तो बहुधा अनेक प्रकारच्या झाडांवर जगणाऱ्या एखाद्या दुसऱ्या जातीचा असतो. तपकिरी लांबमिशे ओळखणे हे अभ्यासकांनाही वेळ घेणारे काम आहे, म्हणून नुसत्या रंगावरून नाव ठरवू नये.

दोघांचे जीवनचक्र सारखे आहे का?

ढोबळमानाने सारखे, बारकाव्यांत वेगळे. दोघांचीही एक पिढी साधारण एका वर्षात पुरी होते. भिरुडाला प्रतिकूल स्थितीत त्याहून अधिक काळ लागू शकतो. दोघेही पावसाळ्याच्या सुरुवातीला खोडातून बाहेर पडतात, आणि प्रौढ भुंगेऱ्यांचे आयुष्य अळीच्या आयुष्यापुढे फार थोडे असते.

पहिला फरक अंडी घालण्यात आहे. भिरुडाची मादी जबड्याने खोडाच्या सालीत चीर पाडते आणि त्या चिरेत एकेक अंडे ठेवते; म्हणजे अंडी विखुरली जातात. साल बोररची मादी आयत्या भेगा, जखमा आणि तुटलेल्या फांद्यांच्या कडा शोधून तेथे अंडी घालते, आणि एका मादीची अंडी शंभराच्या पुढे सहज जातात. चांगली जागा मिळाली, की अनेक माद्या त्याच झाडावर येतात.

अळ्या आधी सालीखालचा रसाळ थर खातात आणि मोठ्या झाल्या की लाकडात शिरतात. पूर्ण वाढलेली भिरुडाची अळी पाहणाऱ्याला ती विसरता येत नाही : हाताच्या बोटाहून जाड, मळकट पांढरी, पाय नसलेली, पुढचा भाग रुंद आणि चपटा, आणि त्यावर तपकिरी कठीण पाटी. लांबी 8 ते 10 सेंटिमीटरपर्यंत जाते. साल बोररची अळीही साधारण 9 सेंटिमीटरपर्यंत वाढते; पण ती सालवृक्षाच्या गाभ्यात, म्हणजे सर्वांत टणक आणि मोलाच्या लाकडात, खोलवर बोगदा करते.

कोषात जाण्यापूर्वी साल बोररची अळी एक विलक्षण काम करते. गाभ्यात खोली कोरून झाली, की ती आपल्याच शरीरातून चुन्यासारखा पदार्थ सोडून खोलीचे तोंड पांढऱ्या, कडक झाकणाने बंद करते. या झाकणाआड हिवाळ्यात तिचा कोष होतो. उन्हाळ्यापर्यंत प्रौढ भुंगेरा तयारही होतो, पण तो बाहेर येत नाही. पहिला चांगला पाऊस होईपर्यंत तो त्या खोलीतच थांबून राहतो. सालवनात जूनच्या एकदोन जोरदार सरींनंतर अचानक भुंगेरेच भुंगेरे दिसू लागतात, त्याचे कारण हेच.

भिरूड कोणकोणत्या झाडांवर आढळतो?

आंबा, अंजीर, फणस, तुती, काटेसावर आणि वड-उंबराच्या वर्गातली कित्येक झाडे. त्याची यादी मोठी आहे. पुण्याच्या टेकड्यांवर, जुन्या बंगल्यांच्या आवारात आणि रस्त्यांच्या कडेला यांतली पुष्कळ झाडे आहेत, म्हणून तो शहरातही टिकून आहे. भारताबाहेरही तो पोहोचला आहे. इस्राएलमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा शिरकाव झाला आणि तेथील अंजिरांचे त्याने मोठे नुकसान केले.

साल बोररचे उद्रेक का होतात?

हा प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एरवीच्या वर्षांत साल बोरर हा जंगलाचा सफाई कामगार आहे. वाऱ्याने पडलेली, वीज पडून फाटलेली, म्हातारी झालेली किंवा नुकती तोडलेली झाडे तो पोखरतो, त्यांचा भुसा करतो आणि माती होण्याची वाट मोकळी करतो. निरोगी सालवृक्षावर त्याचे सहसा काही चालत नाही, कारण सालवृक्षाकडे राळ आहे. आपण धुपाटण्यात टाकतो तीच ही राळ. कोवळ्या अळीने साल पोखरायला सुरुवात केली, की जखमेतून राळ वाहू लागते आणि अळी तिच्यात बुडून मरते.

पण हे संरक्षण असीम नाही. सलग अवर्षणाने, आगीने, गुरांच्या तुडवण्याने किंवा दाटीमुळे झाडे दुबळी झाली, की राळ कमी पडते. त्याच सुमारास रानात तोडलेले ओंडके पावसाळ्यात पडून राहिले, तर भुंगेऱ्यांना वाढायला आयते लाकूड मिळते आणि पुढच्या पावसात त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते. एका मोठ्या झाडातून शेकडो भुंगेरे बाहेर पडू शकतात. इतक्या माद्यांनी एकाच झाडावर अंडी घातली, की ते झाड निरोगी असले तरी प्रत्येक अळीमागे पुरेल इतकी राळ त्याच्यापाशी नसते. येथून पुढे उद्रेक स्वतःच्या बळावर चालतो : दुबळ्या झाडांवरून भुंगेरे सशक्त झाडांवर जातात.

यात भर पडते ती जंगलाच्या घडणीची. सालवन म्हणजे बरेचदा मैलोन्‌मैल एकाच जातीची झाडे. मादीला दुसरे झाड शोधायला लांब जावेच लागत नाही. मध्य प्रांतात 1920 च्या दशकात मोठा उद्रेक झाला, आणि 1997-98 च्या सुमारास मंडला, दिंडोरी आणि अमरकंटकच्या परिसरात पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा बाधित झाडांची संख्या लाखांत होती. दुसऱ्या खेपेस बाधित झाडे किती आणि कोणती तोडावीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात एका बाजूला खरी भीती होती, की पोखरलेली झाडे उभी ठेवली तर पुढच्या पावसात भुंगेरे दुप्पट होतील. दुसऱ्या बाजूलाही तितकीच खरी भीती होती, की किड्याच्या नावाखाली चांगली झाडेही कापली जातील. मला स्वतःला दुसरी भीती अधिक वजनदार वाटते, कारण पोखरलेल्या झाडांतही काही सावरतात, पण कापलेले झाड पुन्हा तोलामोलाचे व्हायला अनेक दशके लागतात.

ओंडके ठेचून भुंगेरे पकडण्याची पद्धत काय आहे?

साल बोररला ताज्या सालवृक्षाच्या रसाचा वास लांबून येतो आणि तो रस पिऊन तो इतका सुस्तावतो, की हाताने उचलला तरी पळत नाही. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ बीसन यांच्या काळापासून या सवयीचा उपयोग केला जातो. पावसाळ्याच्या आरंभी काही निकामी झाडे पाडून त्यांचे ओंडके करतात, टोकांची साल कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचतात, म्हणजे रस पाझरू लागतो. रस वाळला की काही दिवसांनी टोके पुन्हा ठेचावी लागतात. ठेचलेल्या सालीच्या झुबक्यांखाली भुंगेरे जमा होतात, आणि गावकरी सकाळ-संध्याकाळ येऊन ते वेचतात. मारलेल्या भुंगेऱ्यांची मुंडकी मोजून मजुरी देण्याचीही पद्धत होती. विषारी फवारणी न करता, जंगलातल्या माणसांच्या हातांनी होणारे हे काम आहे, आणि संपूर्ण रानात औषध मारणे शक्यही नसते व इष्टही नसते, म्हणून आजही याच पद्धतीला पर्याय सापडलेला नाही. एक अट मात्र कठोर आहे : ठेचलेले ओंडके रानात तसेच सोडून दिले, तर सापळ्याचीच पैदासकेंद्रे होतात.

मग भिरुडाचा असा उद्रेक सह्याद्रीत का होत नाही?

भिरूड अंडी विखरून घालतो आणि आपली राने मिश्र आहेत, ही दोन मुख्य कारणे. ताम्हिणीच्या किंवा भीमाशंकरच्या रानात एका रानटी आंब्यापासून दुसऱ्या आंब्यापर्यंत मध्ये कितीतरी वेगळी झाडे उभी असतात. एखादे म्हातारे झाड पोखरले जाते, पडते, आणि त्याच्या जागी उजेड येतो. हीच जात एकाच पिकाच्या बागेत आली की तिचे वागणे अगदी सालवनातल्या बोररसारखे वाटू लागते. म्हणून दोन भुंगेऱ्यांची तुलना करताना स्वभावापेक्षा भोवतालच्या झाडांची मांडणी आधी पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

पुरंदरच्या अंजीर बागांना भिरुडाचा त्रास का होतो?

सासवड आणि पुरंदर परिसरातील अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेथे अंजिराच्या बागा एकमेकींना लागून आहेत. अंजिराचे लाकूड मऊ असते, बहाराच्या आधी छाटणी करावी लागते आणि छाटणीच्या जखमा उघड्या राहिल्या की मादीला चीर पाडण्याचेही कष्ट पडत नाहीत. जुनी, दुर्लक्षित, निम्मी वाळलेली झाडे बांधावर तशीच उभी ठेवली, तर शेजारच्या चांगल्या बागेला भुंगेरे तेथूनच मिळत राहतात. वाळकी खोडे पावसाळ्यापूर्वी कापून सरपणात वापरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आमच्या आवारातील आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडतो. काय करावे?

प्रथम भुसा कोठून येतो ते शोधावे. ताजा भुसा ओलसर आणि तंतुमय असतो व छिद्रातून बाहेर ढकललेला दिसतो. त्यासोबत काळपट रस ओघळलेला असतो. असे छिद्र सापडले तर आत अळी जिवंत आहे. छिद्र मोकळे करून टोकाशी आकडा केलेली लवचिक तार हलके हलके आत सरकवावी. अळी टोचली गेली तर तारेवर पाणीदार पांढरा द्रव लागतो. ती आकड्याला अडकून बाहेरही येते. त्यानंतर छिद्र चिखलाने बंद करावे, आणि आठवडाभराने ताजा भुसा पुन्हा दिसतो का ते पाहावे. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी.

भुसा नसलेले, कोरडे, गोल आणि स्वच्छ कडांचे मोठे छिद्र दिसले, तर भुंगेरा निघून गेलेला आहे. तेथे औषध ओतून काहीही साधत नाही. असे एखादे छिद्र असलेली जुनी झाडे पुढे वर्षानुवर्षे मोहरतात, तेव्हा नुसत्या छिद्रावरून झाड तोडण्याचा ठराव सोसायटीने करू नये. फांद्या धोकादायक वाटत असतील तर जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. शहरात झाड तोडण्यासाठी परवानगी लागतेच.

जुन्या पुस्तिकांत डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचा बोळा छिद्रात घालावा असे लिहिले आहे. ते करावे का?

नाही. डायक्लोरव्हॉसच्या वापरावर भारतात 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे. सल्ला जुना असला तरी बंदी लागू आहे. औषध वापरणे अटळच वाटले, तर कृषी महाविद्यालयातील किंवा कृषी विज्ञान केंद्रातील कीटकशास्त्रज्ञांचा चालू सल्ला घ्यावा.

हे भुंगेरे चावतात का? विषारी असतात का?

विषारी अजिबात नाहीत. जबडे मात्र साल कापण्याइतके बळकट असतात, म्हणून बोट त्यांच्या तोंडाशी नेऊ नये. धरायचेच असेल तर मानेच्या कवचामागे दोन्ही बाजूंनी धरावे. भिरूड धरला की चर्रचर्र असा आवाज करतो. तो आवाज तोंडातून येत नाही. मानेचे कवच मागच्या भागावर घासून तो काढला जातो.

यांचे नैसर्गिक शत्रू कोणते?

सुतार पक्षी सर्वांच्या परिचयाचे आहेत. पोखरलेल्या खोडावर त्यांनी पाडलेल्या खाचा दिसल्या, तर तेथे अळ्या होत्या असे समजावे. सालवनात अलाउस सॉर्डिडस नावाच्या उडी मारणाऱ्या भुंगेऱ्याची अळी बोररच्या बोगद्यात शिरून त्याच्या अळ्या खाते. याखेरीज मुंग्या आणि काही बुरशी आहेत. मेटारायझियम ही बुरशी शेतीतही वापरली जाते.

घरात आलेला भिरूड मारून टाकावा का?

अंजिराची किंवा आंब्याची बाग असेल, तर बागायतदाराने आपला निर्णय घ्यावा. त्याचे पोट त्या झाडांवर आहे. शहरातल्या माणसाने मात्र त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडावे. दिव्याला आलेला एक भुंगेरा मारल्याने रस्त्यावरचा वड वाचत नाही. वडाला खरी इजा होते ती पावसाळ्याआधीच्या घाईच्या छाटणीत, फांदी खालून न कापता वरून ओढून मोडली आणि तिच्यासोबत खोडाची साल हातभर सोलली गेली की. नेमक्या त्याच दिवसांत माद्या अशा जखमा शोधत असतात. छाटणी टाळता येत नाही हे खरे, पण ती करवतीने, खोडालगतच्या गाठीला धक्का न लावता, स्वच्छ करता येते. खिळे ठोकून लावलेल्या पाट्या आणि बुंध्याला भिडवलेले सिमेंट यांनीही झाड दुबळे होते.

भिरूड दिसला तर नोंद कशी करावी?

तीन छायाचित्रे पुरतात : एक वरून, ठिपके आणि मिशा पूर्ण येतील असे; एक कडेने, पांढरा पट्टा आणि चेहऱ्याची दिशा दिसेल असे; आणि शक्य असल्यास ज्या झाडावर तो होता त्या झाडाच्या पानांचे. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे. तारीख, वेळ, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहून ही छायाचित्रे आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या नोंदस्थळावर टाकता येतात. मेलेला नमुना मिळाला आणि त्याविषयी शंका असेल, तर भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आकुर्डीत आहे, तेथे विचारणा करावी. भीमाशंकर किंवा ताम्हिणीसारख्या अभयारण्यांतून जिवंत वा मेलेला कोणताही कीटक परवानगीविना उचलून आणू नये. तेथे छायाचित्रावरच थांबावे आणि झाडाचे नाव लिहून घ्यायला विसरू नये, कारण बहुतेक नोंदींत नेमके तेच राहून जाते.